जुन्या ट्रकचं बॉडीवर्क घरच्या घरी: पत्रा, टाके आणि पुटी

ट्रक रंगवून उभा केला की पहिलं वर्ष सगळेच देखणे दिसतात. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला फोड येतात, काचेच्या रबराखालून तपकिरी ओघळ उतरतो आणि बोनेटवर पुटीची (खळगे भरायच्या लगद्याची) कड उमटते. हे तिन्ही दोष रंगाचे नसतात. रंगाच्या आधी पत्र्यावर जे करायचं राहून गेलं, त्याचे असतात. म्हणून इथे बहुतेक जागा पत्र्याला दिली आहे.

समोर धरलेली गाडी म्हणजे जुनी बोनेटवाली: प्रीमियरची डॉज किंवा फार्गो, टाटा आणि डेमलर-बेंझच्या कराराच्या काळातली, म्हणजे १९५४ ते १९६९ मधली टाटा-मर्सिडीज, नाहीतर जीपच्या चासीवर बांधलेलं पिकअप. यांचा पत्रा आजच्या कारपेक्षा जाड असतो, त्यामुळे ठोकपीट सोसतो आणि शिकाऊ हाताला माफही करतो. अंदाजाने शीट आणू नका. गंज न लागलेल्या जागी रंग खरवडून व्हर्नियर लावा आणि त्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. सहसा तो १८ ते २० गेजच्या आसपास निघतो, म्हणजे साधारण १.२ ते ०.९ मिमी.

कापण्याआधी कागद

कस्टम आणि व्हिंटेज हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि ग्राइंडर हातात घेण्याआधी त्यातला एक निवडावा लागतो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकीला ती मिळते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी धंद्याला लावता येत नाही. म्हणजे छत चार इंच खाली घेतलं की तो दरवाजा बंद. सडलेला भाग त्याच आकारात बदलणं वेगळं आणि केबिनचा आकार बदलणं वेगळं. कामाआधीचे, कापल्यावरचे आणि पॅच बसल्यावरचे फोटो तारखेसकट ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी विसंगत बदल चालत नाही. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. चासी नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर किंवा वायर ब्रश अजिबात फिरवू नका. तिथला गंज पेंट रिमूव्हर आणि हातब्रशनेच काढायचा.

कोल्हापुरातलं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर उघडा पत्रा ठेवायचाच नाही. संध्याकाळी घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी केशरी झालेला असतो. या चार महिन्यांत सुटे भाग खोलणं, बिजागऱ्या, काचेच्या यंत्रणा, वायरिंग ही कामं काढा. कटिंग-वेल्डिंग दसऱ्यानंतर धरा.

रंगाला मात्र डिसेंबर-जानेवारी सोयीचा दिसला तरी फसवा. एक तर पहाटेचं दव. दुसरं म्हणजे उसाचा हंगाम. फडात पाचट पेटवलं की काळ्या काजळीच्या चिंध्या कोसभर उडत येतात आणि नेमक्या ओल्या रंगावर बसतात. जवळ गुऱ्हाळ असेल तर बघायलाच नको. वळीव सुरू होण्याआधीचा फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ सगळ्यात बरा, तोही सकाळी नऊ ते बारा. दुपारी पत्रा इतका तापतो की थिनर बंदुकीतून पत्र्यावर पोचेपर्यंतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी

इथे जुनी गाडी घेताना हा प्रश्न विचारायलाच हवा: २००५, २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात ती कुठे उभी होती? पंचगंगेचा गाळ केबिनच्या खांबांत, दाराच्या पोटात आणि पायदानाच्या बंद पेटीत जाऊन बसतो. बाहेरून वाळलेला दिसतो, पण पावसाळी हवेतली ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. मोबाईलला जोडायचा वायरचा कॅमेरा मिळतो, तो प्रत्येक भोकातून आत घालून बघा. गाळ दिसला तर निचऱ्याची भोकं मोकळी करून प्रेशर वॉशरने वरून खाली धुवा, बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत. मग आठवडाभर कडक उन्हात दारं उघडी टाकून वाळवा. गूळ वाहिलेल्या गाडीच्या हौद्याचीही तीच तऱ्हा. फळ्यांच्या सांध्यातली चिकट घाण गरम पाण्यानेच सुटते, आणि ती सुटल्याशिवाय खालच्या आडव्या पट्ट्यांची अवस्था कळत नाही.

बाकीच्या गंजाच्या जागा ठरलेल्या असतात. केबिनचे मागचे खालचे दोन कोपरे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, छताची पन्हाळ, दाराच्या तळाची दुमडलेली पट्टी, हेडलाइटच्या वाट्या, आणि मडगार्ड व बॉडीच्या मधली बीडिंग जिथे दाबली जाते ती ओळ. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे खाली पुटी आहे. मग जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर तो पत्रा गेलेलाच आहे, त्याची दया करू नका.

रंग उतरवणं

जुन्या पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता धरूनच चालायचं. कोरडा घासून त्याची धूळ अंगणात उडवणं पोराबाळांच्या घरात तर नकोच. पेंट रिमूव्हर लावा, प्लास्टिकच्या कागदाने झाका, अर्ध्या तासाने खरवडा. पडलेला चुरा ओला असतानाच पोत्यात भरा. हातात जाड रबरी मोजे, डोळ्याला गॉगल. उरलेल्यासाठी ग्राइंडरवर वायर कप किंवा ८० नंबरचा फ्लॅप डिस्क. दगडी ग्राइंडिंग व्हील सपाट पत्र्याला लावलं की चरे पडतात, पत्रा पातळ होतो आणि तापून फुगतो.

उद्यमनगर किंवा शिरोलीत ओळखीची फाउंड्री असली की कोणीतरी सुचवतंच, "शॉट ब्लास्ट मारून घ्या, तासात मोकळं." ते यंत्र कास्टिंगसाठी असतं. लोखंडी छर्‍यांच्या माऱ्याने सपाट पत्रा ताणला जातो आणि दाराची पापडी होऊन बाहेर येते. चासी, बिजागऱ्या, बंपरचे ब्रॅकेट खुशाल द्या. दारं, बोनेट, छत देऊ नका.

खड्ड्याखड्ड्यांतला गंज उरतो त्याला फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट रिमूव्हर. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळच ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, आणि भरपूर पाण्याने धुऊन लगेच हवेने वाळवायचा. आम्लाचा थर तसाच ठेवून वर एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारला तर तो धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत पापुद्रा निघतो. धुतल्यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नका. घामाच्या बोटांचे ठसे प्रायमरखाली गंजाच्या नक्षीसारखे उठतात.

आधी सांगाडा पक्का, मग कात्री

केबिनची जमीन आणि कोपरे एकदम कापले की दारांची चौकट मोकळी होते आणि काही मिलीमीटर कुठेही सरकते. म्हणून कापण्याआधी केबिन आपल्या जागी, चासीवर बोल्ट आवळून, लेव्हलमध्ये बसलेली हवी. दाराच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइपचा एक आडवा आणि एक तिरका टेकू टाक्यांनी (वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांनी) पकडून घ्या. दोन्ही कर्ण मोजून चौकटीवरच मार्करने लिहा. एका वेळी एकच बाजू कापा.

घरच्या वेल्डिंगमध्ये आग हा खरा धोका आहे. डिझेल टाकी उतरवून लांब ठेवा, नुसती रिकामी करून भागत नाही. बॅटरी काढा. केबिनच्या आतलं अस्तर, फोम, रबर, वायरिंग बाहेर. दुमडलेल्या पट्ट्यांतला जुना रंग आणि ग्रीस आतल्या आत धुमसतात. शेजारी पाण्याची बादली, वाळू आणि ओलं गोणपाट हवं, आणि शेवटच्या टाक्यानंतर अर्धा तास तरी जागा सोडायची नाही.

पॅच आणि टाके

सडका भाग चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत, आणि त्याच्याही पुढे इंचभर कापा. कापाचे कोपरे गोल ठेवा. काटकोनातल्या कोपऱ्यावर ताण जमतो आणि तिथूनच पुढे चीर जाते. पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा, तोच पत्र्यावर आखा. जमिनीला आणि पायदानाला १८ गेज, बाहेरच्या अंगाला मूळ जाडी. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त आणि गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगला त्यावरचा जस्त जळून विषारी धूर होतो आणि टाकाही पोकळ पडतो.

बाहेरच्या अंगाला पॅच कडेला कड लावूनच बसवायचा. एकावर एक चढवून टाके मारले की काम झटपट होतं, पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी बसतं. दोन पावसाळ्यांत ती ओळ रंगावर दिसायला लागते. कडांमध्ये सुमारे १ मिमी फट ठेवा. अजिबात फट नसेल तर तापल्यावर पत्रे एकमेकांना रेटतात आणि मध्ये डोंगर उभा राहतो.

साधं आर्क वेल्डिंग या पत्र्याला भोकं पाडतं. सीओटूचं मिग मशीन (गॅसच्या आडोशात तार आपोआप पुढे ढकलणारं वेल्डिंग) आणि ०.८ मिमी तार घ्या. १ मिमी पत्र्याला साधारण ४० ते ७० अँपिअरच्या दरम्यान सेटिंग जमतं, ते आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर ठरवा. टाका मागून थोडा उतरलेला दिसला पाहिजे. नुसता वर गोळा होऊन बसला असेल तर करंट कमी आहे. मशीनला वेगळी १६ अँपिअरची लाइन हवी. घरातल्या साध्या बोर्डवरून चालवलं की व्होल्टेज पडतं, तार ढकलली जाते पण वितळत नाही.

टाक्यांचा क्रम असा: पहिला एका टोकाला, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये. मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये एक, अंतर २५ मिमीवर येईपर्यंत. त्यानंतर उरलेल्या जागा, पण लागोपाठच्या दोन कधीच नाहीत. टाका हाताला गार लागेपर्यंत शेजारी दुसरा नको. पाणी ओतून घाई करू नका. टाका आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा आत ओढतो, तेव्हा मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून प्रत्येक टाका हलक्या हाताने चेपून घ्या, म्हणजे ओढलेला पत्रा परत सुटतो. सलग ओळ ओढायचा मोह झाला की समजा दार वाकडं झालं. मोकळ्या अंगणात वारा गॅस उडवून नेतो आणि टाक्यात बारीक छिद्रं पडतात. ताडपत्रीचा आडोसा करा, पण बंदिस्त खोलीत हे काम नको. टाके घासताना चकती फक्त टाक्यावर टेकली पाहिजे, बाजूच्या पत्र्यावर नाही.

पोचे काढणं

पोचा दिसला की मधोमध मागून हाणायचा, ही सगळ्यात महाग सवय. त्याने खोलगा वर येतो, पण भोवतीची कड तशीच राहते आणि मध्ये ताणलेला पत्रा उरतो. पोचा ज्या क्रमाने बसला त्याच्या उलट उतरवावा लागतो. मार लागला त्या जागी खोलगा असतो, तो सर्वांत आधी झाला. भोवतीची उंच वरंबी सर्वांत शेवटी आली. म्हणून सुरुवात वरंबीपासून, बाहेरून आत.

डॉली मागून खोलग्याखाली दाबून धरा आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर हलकेच मारा, म्हणजे एका फटक्यात खालचं वर आणि वरचं खाली येतं. हातोडी आणि डॉली समोरासमोर आणून मारलेला फटका पत्रा पातळ करून पसरवतो. तो फक्त शेवटच्या सफाईला, अगदी मोजका. आवाजावरून कळतं: समोरासमोरचा फटका टणटणीत वाजतो, बाजूचा बदबद. हातोडीचं तोंड पॉलिश केलेलं ठेवा. तोंडावर एक चरा असेल तर तो पत्र्यावर शंभर वेळा छापला जातो.

ताणलेला पत्रा ओळखायचा तर अंगठ्याने दाबा. आत जाऊन परत टपकन बाहेर आला, डब्याच्या झाकणासारखा, तर तो आकसवावा लागणार. गॅसच्या बारीक ज्योतीने फुगवट्याच्या सर्वांत उंच जागी रुपयाच्या नाण्याहून लहान ठिपका लाल करा, मागे डॉली धरून भोवती तीन-चार हलके फटके, आणि ओलं फडकं. गार झाल्यावर परत दाबून बघा. एका ठिपक्याने भागलं नाही तर पुढचा तीन-चार बोटं सोडून. बोनेटसारख्या मोठ्या सपाट भागावर आठ-दहा ठिपके एकदम मारले की तो उलट बाजूने खेचला जातो, आणि ते निस्तरायला मूळ पोच्यापेक्षा जास्त वेळ जातो.

सपाटी डोळ्याने नाही, तळहाताने तपासा. हातमोजा किंवा पातळ फडकं मध्ये घ्या, बोटं नव्हे तर पूर्ण तळवा लांब फिरवा, डोळे मिटून चालेल. मग लांब कानस तिरकी ओढा. चकाकी आली तिथे उंच, काळं राहिलं तिथे खोल. १ ते २ मिमीच्या आत आलं की थांबा. त्याच्यापुढे ठोकत राहिलात तर पत्रा परत ताणायला लागतो.

फटी जुळवणं

पुटीचा डबा उघडण्याआधी सगळी गाडी एकदा जोडून बघायची. दारं, बोनेट, मडगार्ड आणि नवीन रबरंसुद्धा. रबराशिवाय बसवलेलं दार नवं रबर लावल्यावर एका कडेने बाहेर येतं. आधी दार केबिनला जुळवा, मग बोनेट, शेवटी मडगार्ड. या गाड्या कारखान्यातूनच फार बारीक फटींच्या निघत नव्हत्या. ५-६ मिमीची फट चालते, फक्त ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी.

दार उचलून धरल्यावर वर-खाली हलत असेल तर बिजागरीची पिन झिजलेली आहे. ती तशीच ठेवून फट जुळवण्यात अर्थ नाही. उद्यमनगरातला कोणताही टर्नर भोक रीम करून त्या मापाची पिन आणि गनमेटलची बुश करून देतो. फाळक्याच्या कड्या आणि बिजागऱ्यांचंही तेव्हाच उरकून घ्या.

प्रायमर, पुटी, सरफेसर

साफ पत्र्यावर पहिला थर टू-पॅक (हार्डनर मिसळून वापरायच्या) एपॉक्सी प्रायमरचा. रेड ऑक्साइड चासीला ठीक, पण त्यावर पुटी आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर चढवलं की तो मऊ पडून उचलला जातो. एपॉक्सी वाळल्यावर १८० नंबरने खरवडून त्यावर पॉलिस्टर पुटी. सांध्यांत पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट प्रायमरनंतर आणि रंगाआधी भरायचा. दाराच्या तळाची आणि पायदानाची निचऱ्याची भोकं त्यात बुजणार नाहीत हे बघा.

पुटीत हार्डनर वजनाने २ ते ३ टक्के: १०० ग्रॅमला २-३ ग्रॅम. एप्रिलच्या उन्हात २, थंडीत ३. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलं तर उरलेलं पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग उठवतं, पांढऱ्या आणि फिकट रंगात हमखास. कमी पडलं तर पुटी चिवट राहते आणि पेपर भरतो. एका वेळी पाच मिनिटांत संपेल तेवढीच कालवा. फेटल्यासारखी ढवळू नका, पात्याने दाबून मळा. हवा शिरली की घासताना टाचणीची भोकं उघडतात. थर १ मिमीचे, सगळे मिळून ३ मिमीच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर परत हातोडी घ्या.

आता इथल्या गॅरेजांतल्या एका जुन्या सवयीबद्दल. पॉलिस्टर पुटीवर पाणी पेपर मारायचा नाही. पुटी पाणी शोषते. वरून कोरडी दिसली तरी आत ओल राहते आणि उन्हात त्याचे फोड होतात. पुटी नेहमी कोरडी, लांब ठोकळ्यावर पेपर लावून घासायची: आधी ८० नंबर, मग १२० किंवा १८०. हात तिरका, एकदा या कर्णाने, एकदा त्या कर्णाने. बोटांखाली नुसता पेपर धरून घासलं की बोटांचे चर पडतात आणि चकचकीत रंगात ते लाटांसारखे दिसतात. घासण्याआधी काळ्या स्प्रेचा विरळ धुरळा मारा. काळं उरलं तो खोलगा. धुळीचा मास्क लावूनच हे काम करा.

एनसी पुटी फक्त टाचणीच्या भोकांना. जाड भरली की ती महिनोन्महिने आकसत राहते. त्यानंतर सरफेसरचे (बारीक चरे भरणाऱ्या जाड प्रायमरचे) दोन-तीन हात, १.८ च्या आसपासच्या नोझलने, आणि त्यावर ४०० ते ६०० नंबर. पाणी पेपर चालतो तो इथे, पुटी सरफेसरने पूर्ण झाकलेली असेल तरच. कॉम्प्रेसरच्या लाइनला वॉटर सेपरेटर हवाच. आपल्या हवेत टाकी रोज रिकामी केली नाही तर बंदुकीतून पाण्याचे थेंब येतात आणि रंगाला खड्डे पडतात.

शेवटचा रंग पीयू मारायचा ठरवलं असेल तर तो घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा वास येण्याआधीच तो फुप्फुसात पोचलेला असतो, आणि कापडी किंवा साधा कोळशाचा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. पीयू सरफेसरलाही हेच लागू. भाड्याने बूथ घ्या, तयार गाडी तिथे न्या. घरीच उरकायचं असेल तर सिंथेटिक एनॅमल निवडा. अशा ट्रकला ते शोभतंही, आणि खरचटलं तर ब्रशने जुळवता येतं. मात्र त्यावर एनसी कधीच नको, सगळा रंग सुरकुततो. गाडीवर आधीचा रंग ठेवणार असाल तर थिनरमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर दाबून बघा. सुरकुतला किंवा उतरला तर तो पूर्ण काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नाव आणि नक्षी पेंटरकडून हातानेच करून घ्या, स्टिकरने जुन्या ट्रकची शान जाते. फाळक्यावर "हॉर्न ओके प्लीज" लिहिण्याआधी लक्षात असू द्या की महाराष्ट्रात परिवहन खात्याने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर त्याला मनाई केली आहे.

बंद पेट्यांच्या आत

रंग कडक झाल्यावर दाराच्या पोटात, खांबांत आणि पायदानाच्या पेटीत मेणाचा कॅव्हिटी स्प्रे लांब नळीने मारा, निचऱ्याच्या भोकांतून थेंब पडायला लागेपर्यंत. जळकं इंजिन ऑइल ओतायची पद्धत सोडून द्या, ते दाराची रबरं फुगवतं. तळाला डांबरी कोटिंग द्यायचं तर फक्त एपॉक्सी झालेल्या पत्र्यावर. गंजावर मारलेलं डांबर ओल आत कोंडून ठेवतं, आणि खालून बघितलं तर वर्षानुवर्षं सगळं ठणठणीत दिसतं.

पहिल्या पावसाळ्यात गाडी धुतली की दारं उघडून खालच्या भोकांत तार घाला आणि पाणी येतंय का बघा. एकही थेंब आला नाही तर भोक बुजलं आहे. गणपतीच्या सुमारास काचेच्या रबराची खालची कड उचलून बोट फिरवा. ओल लागली तर तेव्हाच काच काढून सीलंट भरा.